वाट अरुण: बुद्धाच्या देवळाच्या टोकावर त्रिशूळ कसा काय?

निळी_शाई
गेल्या महिन्यात आईला घेऊन बँकॉकला जाऊन आले. चाओ फ्राया नदीकाठचं वाट अरुण बघायचंच हे आईने निघायच्या आधीच ठरवलं होतं, कारण तिने कुठेतरी फोटो बघितलेला आणि "ह्याच्यावर कपबशा लावल्यात म्हणे" एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गेलो, बघितलं, दोन तास कसे गेले कळलं नाही. पण आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

देऊळ बुद्धाचं. मधला उंच मनोरा, ज्याला ते प्रांग म्हणतात, त्याच्या अगदी टोकावर त्रिशूळ. जरा खाली कोनाड्यात हत्तीवर बसलेला इंद्र. कोपऱ्यातल्या चार छोट्या प्रांगांमध्ये पांढऱ्या घोड्यावर वायुदेव. मनोऱ्याच्या थराथरांवर राक्षस आणि माकडं हात वर करून ओझं पेलतायत. आणि दुसरीकडे मोठ्या सभागृहाच्या दारात द्वारपाल म्हणून चक्क रावण उभा. आई म्हणाली, "अगं, पण ह्यात बुद्ध कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. गाईडला विचारलं तर तो म्हणाला, "ऑल सेम, ऑल सेम." असं कसं सेम असेल? जाणकारांनी सांगा प्लीज.

बशीभर_चहा
मस्त विषय. वाचतेय. फोटो टाका की ताई.

भटक्या_विमुक्त
माझं तीनदा जाणं झालंय तिथे, म्हणून आधी इतिहास लिहितो, मग त्रिशूळाकडे येऊ.

जागा जुनी आहे, अयुथ्या ही थाई लोकांची राजधानी होती त्या काळापासूनची. १७ व्या शतकातल्या फ्रेंच नकाशांमध्येही हे देऊळ दाखवलंय. तेव्हा नाव होतं वाट माकोक. माकोक म्हणजे आपला आंबाडा, तोच लोणच्याचा आंबट. बँकॉक हे नावसुद्धा 'बांग माकोक' म्हणजे आंबाड्यांचं गाव ह्यावरून आलं असं बरेच जण मानतात.

१७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथ्या जाळलं. तिथला सेनापती ताक्सिन, जो पुढे राजा झाला, तिथून सैन्य घेऊन नदीने खाली आला आणि कथा अशी की ह्या देवळापाशी पोचला तेव्हा नेमकी पहाट होत होती. त्याने राजधानी इथेच, नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला केली, देऊळ राजवाड्याच्या आवारात घेतलं आणि नाव ठेवलं वाट चेंग, म्हणजे पहाटेचं देऊळ. १७७९ मध्ये लाओसमधल्या व्हिएन्तिआनहून सुप्रसिद्ध पाचूचा बुद्ध आणला (नावाला पाचू, दगड हिरवा जेड जातीचा, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर) तो आधी इथेच होता. १७८२ ला ताक्सिन मारला गेला, पहिल्या रामाने (तेव्हापासूनचे राजे पहिला राम, दुसरा राम असेच ओळखले जातात) राजधानी पलीकडच्या पूर्व काठावर हलवली आणि १७८४ मध्ये पाचूचा बुद्धही पलीकडे वाट फ्रा केओमध्ये गेला. म्हणजे हे देऊळ पाच वर्षं देशातलं सगळ्यात महत्त्वाचं देऊळ होतं आणि मग एकदम पलीकडच्या तीरावरून बघायची गोष्ट झालं.

आज दिसतो तो मनोरा त्यानंतरचा. मूळचा प्रांग फक्त १६ मीटरचा होता. दुसऱ्या रामाने तो वाढवायला घेतला, पायाचं काम चालू असतानाच १८२४ मध्ये तो वारला, तिसऱ्या रामाने १८४२ ला परत हात घातला आणि १८५१ पर्यंत पुरं केलं. उंचीचे आकडे ६७ पासून ८६ मीटरपर्यंत वाट्टेल तसे सापडतात, ८२ जास्त ठिकाणी दिसतो. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर एवढं वजन उभं आहे हे लक्षात घ्या. अरुण हे नाव दुसऱ्या रामाने दिलं आणि चौथ्या रामाने आजचं पूर्ण नाव केलं, वाट अरुण राजवराराम.

मुंगूसराव
निळीताई, उत्तर सोपं आहे. त्रिशूळ, इंद्र, वायू, रावण, हे सगळं असेल तर ते मूळचं शंकराचं देऊळ असणार आणि नंतर बुद्धाचं झालं. नावं बघा ना, अयुथ्या म्हणजे अयोध्या, राजे सगळे राम. आणखी काय पुरावा हवा?

भटक्या_विमुक्त
@मुंगूसराव, नाही हो. नावं संस्कृत-पालीतून गेलीत हे शंभर टक्के खरं, पण नाव तिथून आलं म्हणून इमारत तिथली होत नाही. हा प्रांग १९ व्या शतकात बौद्ध राजांनी बौद्ध देवळासाठी बांधलाय, त्याच्या खाली कुठलंही शंकराचं देऊळ नाही. आकार मात्र कंबोडियातल्या ख्मेर मनोऱ्यांवरून आलाय, तो ख्मेरांकडे आपल्या शिखरांवरून गेला. थाई लोकांनी तो निमुळता, उंच, मक्याच्या कणसासारखा केला. आकार घेतला, अर्थ स्वतःचा भरला.

शिरीष_फूल
आंबाडा!!! मी इतकी वर्षं बँकॉकचं नाव घेतेय आणि त्यात आंबाडा आहे हे आज कळलं. धागा वसूल.

वाकडी_वाट
भाषेचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. थाई देवळात फिरताना मला सारखं वाटत होतं की हे शब्द मी ओळखतो, फक्त त्यांनी शेवटचं अक्षर गिळलंय.

'वाट' हा पाली 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपले वाडा, वाडी त्याच घरातले. मुख्य सभागृह ते 'उबोसोत', म्हणजे उपोसथ. दुसरं सभागृह 'विहान', म्हणजे विहार. स्तूपाला 'चेदी', म्हणजे चैत्य. नदीकाठी बसायला हिरव्या ग्रॅनाइटच्या सहा चिनी धाटणीच्या शेड आहेत त्यांना 'साला', म्हणजे शाला. प्रांगच्या मधल्या टप्प्यावर चार 'मोन्दोप' आहेत, ते मंडप. उबोसोतभोवती आठ ठिकाणी दगड रोवलेत त्यांना 'सेमा' म्हणतात, म्हणजे सीमा, त्या दगडांच्या आत संघाची कर्मं होतात. थोनबुरी म्हणजे धनपुरी. रावण त्यांच्याकडे 'थोत्सकान', दशकंठ. त्याच्या शेजारचा पांढरा यक्ष 'सहस्सदेचा', सहस्रतेज. वारा 'फ्रा फाय', म्हणजे वायू. आणि निळीताईंचा त्रिशूळ, त्याला ते म्हणतात 'नोफसून'. नभशूल! आभाळात घुसलेला शूल. मला हा शब्द कळला त्या दिवशी मी तिथेच पायरीवर बसून तीनदा मोठ्याने म्हटला.

शिवाय तो आपल्या चित्रातल्यासारखा तीन दात्यांचा नाही, नीट बघा, पाती जास्त आहेत, वेगवेगळ्या दिशांना फुटलेली. थाई लोक त्याला आणखी एक घरगुती नाव लावतात, 'फाक फेका', फेकाच्या शेंगा. फेका म्हणजे आपल्याकडचा टेटू, त्याच्या लांब तलवारीसारख्या शेंगा असतात.

बशीभर_चहा
नभशूल. अहाहा.

उपासक_७
हा धागा काल रात्रीच वाचला, उत्तर नीट लिहायचं म्हणून आज बसलो.

निळीताई, तुमच्या आईंचा प्रश्न माझाही होता. मी आंबेडकरी घरातला. लहानपणापासून बावीस प्रतिज्ञा पाठ. विहार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पांढरी भिंत, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि पंचशील. अशा माणसाने वाट अरुणच्या आवारात पाऊल टाकलं आणि समोर रावण आणि वर त्रिशूळ. खोटं सांगत नाही, मला पहिला अर्धा तास नीट श्वास घेता आला नाही. इतक्या लांब येऊन परत तेच, असं वाटलं.

नंतर तिथल्या एका वयस्कर भन्तेंशी बोलणं झालं, त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझं पाली मोडकं, पण त्यांनी एक वाक्य सांगितलं ज्याने सगळी किल्ली फिरली. ते म्हणाले, हा मनोरा म्हणजे सिनेरु.

सिनेरु म्हणजे मेरु पर्वत, पाली ग्रंथांत जगाच्या मधोमध. त्याच्या माथ्यावर तावतिंस नावाचा देवलोक, म्हणजे तेहतीस देवांचा. त्यांचा राजा सक्क, त्याचंच दुसरं नाव इंद्र, आणि त्याचा हत्ती एरावण. थाईमध्ये एरावान. आता हा सक्क कोण? तिपिटकात, म्हणजे पाली धर्मग्रंथांत, तो बुद्धाकडे प्रश्न घेऊन येणारा उपासक आहे. सक्कपञ्ह सुत्त म्हणून अख्खं सुत्त आहे, त्यात तो बुद्धासमोर हात जोडून विचारतो की सगळ्यांना शांततेत राहायचं असतं तरी सगळे भांडतात का. म्हणजे वर हत्तीवर बसलाय तो पूजा घेणारा देव म्हणून नाही, तर मेरूच्या उंचीवर जो राहतो तो तिथे दाखवलाय. नकाशावर गावाचं नाव लिहितात तसं. आणि परंपरेत असंही आहे की बुद्धाने एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, तावतिंसात काढला, आपल्या आईला अभिधम्म, म्हणजे धम्माचं सखोल तत्त्वज्ञान, सांगायला. मायादेवी तो सात दिवसांचा असताना गेली होती.

यक्षांचंही तसंच. आटानाटिय सुत्तात यक्षांचा राजा वेस्सवण बुद्धाच्या भिक्खूंच्या रक्षणाचा मंत्र देतो. दारात उभा केलेला यक्ष हा पहारेकरी आहे. चेहरा त्याला रामकियनमधल्या, म्हणजे थाई रामायणातल्या, थोत्सकानचा दिला, कारण रामकियन त्यांची घरोघरची गोष्ट आहे आणि दुसरा राम स्वतः त्या काव्याचा कवी होता.

हे कळल्यावर मला ते आवडलं की नाही हे वेगळं. माझा धम्म १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरहून येतो, त्यात ह्या देवतांना जागा नाही, आणि ती नसावी ह्यामागे आमच्या पिढ्यांचं दुःख आहे. थाई माणसाला तो इतिहास नाही. त्याला इंद्राच्या नावाने कुणी कधी पाणवठ्यावरून हाकललेलं आठवत नाही. त्यामुळे तो इंद्राला निवांतपणे बुद्धाचा सेवक करून कोनाड्यात बसवू शकतो. मी त्या दोन गोष्टी आता वेगवेगळ्या ठेवू शकतो.

शिरीष_फूल
उपासकदादा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. धन्यवाद.

मुंगूसराव
उपासकजी, मान्य. मी शंकराचं म्हणालो ते मागे घेतो. सक्क सुत्ताचं मला काहीच माहीत नव्हतं. पण एक शंका, त्रिशूळाचं काय? इंद्राचं शस्त्र वज्र ना?

वाकडी_वाट
चांगला प्रश्न. पर्यटकांच्या माहितीपत्रात सरळ "शिवाचा त्रिशूळ" लिहिलेलं असतं. तो ख्मेर परंपरेतून आलेला कळस आहे आणि तिथे त्याचा संबंध शिवाशीच होता. थाई देवळांमध्ये मात्र प्रत्येक प्रांगवर हाच नभशूल असतो, म्हणजे आपल्याकडे शिखर म्हटलं की कळस आलाच तसा. तुम्ही कळसाला 'हा कुठल्या देवाचा' असं विचारत नाही ना?

आणि ह्या नभशूलावर आणखी एक गोष्ट आहे जी माझी फार आवडती आहे. वाट अरुणच्या त्रिशूळाच्याही वर मुकुट आहे. तिसऱ्या रामाने काम संपत आलं तेव्हा वाट नांग नोंग नावाच्या दुसऱ्या देवळातल्या बुद्धमूर्तीसाठी केलेला मुकुट मागवून तो इथे टोकावर बसवला असं सांगतात. मुकुटाला थाईमध्ये 'मोंगकुट'. आणि त्याच्या धाकट्या भावाचं नाव होतं मोंगकुट, जो तेव्हा भिक्खू होता. लोक कुजबुजायला लागले की राजाने पुढचा राजा कोण हे आभाळात लिहून ठेवलंय. १८५१ मध्ये मोंगकुट खरंच चौथा राम झाला.

म्हणजे उतरंड बघा: देवांचा पर्वत, त्यावर इंद्र, त्यावर शूल, आणि सगळ्यावर बुद्धासाठी घडवलेला मुकुट. आईंना सांगा, सगळ्यात वर बुद्धाचीच वस्तू आहे.

निळी_शाई
अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "मग ठीक आहे."

पाणपोई
मी दोन व्यावहारिक गोष्टी सांगते कारण पुढच्या आठवड्यात आमचे सासू-सासरे निघालेत आणि मी त्यांच्यासाठी हेच लिहून दिलंय. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला. पलीकडच्या था तियान धक्क्यावरून छोटी होडी पाच-एक बाटमध्ये (बाट म्हणजे थाई चलन) मिनिटा-दोन मिनिटांत इकडे आणते, किंवा २०१९ पासून मेट्रोच्या ब्लू लाइनचं इत्साराफाप स्टेशन झालंय तिथून चालत. मधल्या प्रांगच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, चढताना काही वाटत नाही, उतरताना कठड्याला धरून आडवं पाऊल टाकत उतरा. टोकापर्यंत जाता येत नाही, मधल्या टप्प्यापर्यंतच.

आणि कुणी धक्क्याजवळ गोड बोलून "देऊळ आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणाला तर सरळ पुढे जा. आम्हाला एकाने असंच सांगून रिक्षात बसवलं आणि दागिन्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. देऊळ दिवसभर उघडं होतं.

चिकूपंत
सगळे पहाटेचं देऊळ पहाटेचं देऊळ म्हणतायत, पण ते उघडतं सकाळी आठला! मी साडेपाचला गेटवर होतो. एक कुत्रं आणि मी.

भटक्या_विमुक्त
चिकूपंत, तुमचा काठ चुकला. पहाट आतून बघायचीच नसते. देऊळ पश्चिम काठावर आहे, सूर्य पूर्व काठामागून येतो. म्हणजे तुम्ही पलीकडे था तियानच्या बाजूला उभे राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि पहिला उजेड थेट मनोऱ्यावर. आधी तो राखाडी असतो, मग एकदम चिनी मातीचे तुकडे पेटल्यासारखे लुकलुकायला लागतात. ताक्सिनने नदीतून येताना बघितलं असेल तेही असंच काहीतरी, अर्थात तेव्हा मनोरा बुटका होता.

संध्याकाळी उलटं. सूर्य मनोऱ्याच्या मागे बुडतो, सगळी काळी आकृती दिसते, सगळे त्याचेच फोटो काढतात. ते सुंदर असतं पण त्यात चिनी मातीचं काम दिसत नाही. मग दिवे लागतात, ते वेगळं.

चिकूपंत
म्हणजे होडीच घेतली नसती तर पाच बाटही वाचले असते आणि पहाटही दिसली असती. पुढच्या वेळी नक्की.

बशीभर_चहा
आता कपबशांवर कुणीतरी लिहा, माझा आयडी बघता मला तेवढंच महत्त्वाचं आहे 🙂

सांजवात
मी लिहिते. मी सिरॅमिकचं काम करते, त्यामुळे मी तिथे देऊळ म्हणून कमी आणि माझ्या धंद्याची गोष्ट म्हणून जास्त बघितलं.

चीनहून जहाजं यायची तेव्हा ती हलकी पडून कलंडू नयेत म्हणून तळाशी वजन भरायचे. दगडी पुतळे भरायचे (ते चिनी योद्धे आणि सिंह इथे आणि पलीकडच्या काठावरच्या वाट फो देवळाच्या आवारात जागोजागी उभे आहेत) आणि चिनी मातीची भांडीही. त्यातली फुटकी, उरलेली भांडी इथे कामी आली. पूर्ण मनोरा विटांचा, वर चुन्याचा गिलावा, आणि गिलावा ओला असताना त्यात हे तुकडे आणि शिंपले बसवलेत.

पण तुकडे कसेही चिकटवलेले नाहीत हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. बशीचा गोल तळ म्हणजे फुलाचा मध्य. वाटीच्या काठाचे वक्र तुकडे कापून त्याच्या पाकळ्या. हिरवट तुकड्यांची पानं. कुठे अख्खी छोटी बशीच फूल म्हणून बसवलीय. वाटीचा वक्र मूळचा असल्यामुळे पाकळी आपोआप वर उचलली जाते, सपाट फरशीने ते कधीच साधलं नसतं. कारागिराने फुटक्या भांड्याला विचारलंय की तू कुठे वळतोस, आणि तिथेच फूल केलंय. लांबून बघाल तर सगळं पांढरट-करडं दिसतं, दहा पावलांवर आलात की रंग सुटे होतात, हात लावण्याइतकं जवळ गेलात की एखाद्या तुकड्यावर निळ्या रेघेची अर्धी फांदी दिसते, उरलेली अर्धी कुठल्या जहाजात राहिली कोण जाणे.

म्हणजे निळीताईंच्या आई शब्दशः बरोबर होत्या. कपबशाच आहेत.

शिरीष_फूल
सांजवात, हे वेगळा लेख म्हणून लिहा ना. "तू कुठे वळतोस" फार आवडलं.

गोदातीर
सगळं छान चाललंय पण कुणी रंगसफेदीबद्दल बोलत नाहीये. मी २०१२ ला पाहिलं होतं आणि परत २०१८ ला. आधी त्यावर काळसर छटा होती, जुनेपणा होता, १५० वर्षं पाऊस खाल्लेली वस्तू वाटायची. २०१३ ते २०१७ डागडुजी झाली आणि नंतर ते इतकं पांढरं झालंय की मला दुःख झालं. तिथल्या लोकांनीही २०१७ ला आवाज उठवला होता. जुने तुकडे काढून नवीन साच्यातले लावले की त्या जागेचा जीव जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

सांजवात
गोदातीर, तुमचं दुःख कळतं, पण मी असहमत. थाई सरकारच्या ललित कला विभागाने तेव्हा सांगितलं होतं की काळं दिसत होतं ते शेवाळ आणि मळ, मूळचा गिलावा पांढऱ्या चुन्याचाच आहे. दमट हवेत नदीकाठच्या चुन्याच्या भिंतीवर शेवाळ चढू दिलं तर ते मुळांसारखे बारीक तंतू आत घालतं, गिलावा फुगतो आणि तुकडे गळून पडतात. तो "जुनेपणा" म्हणजे इमारतीचा आजार होता. तिसऱ्या रामाच्या काळात हा मनोरा नवाकोरा होता तेव्हा तो नक्कीच असाच झगझगीत पांढरा दिसला असणार.

बदललेल्या तुकड्यांबद्दल मात्र अर्धं मान्य. काही ठिकाणी नवीन पाकळ्या एकसारख्या, जास्त व्यवस्थित वाटतात. जुन्या कारागिराची प्रत्येक पाकळी वेगळी, कारण प्रत्येक बशी वेगळी फुटलेली. ते परत आणता येत नाही.

गोदातीर
शेवाळ आत तंतू घालतं हे खरंच माहीत नव्हतं. तरी मला २०१२ चाच फोटो आवडतो. माणूस पहिल्यांदा जे बघतो तेच त्याचं होतं.

चक्री_झुला
अवांतर: १० बाटच्या नाण्यावर हेच देऊळ आहे, नवव्या रामाच्या काळातल्या. १९८८ पासूनची ती दोन रंगी नाणी, अजून चलनात दिसतात. मुलीने नाणं हातात धरून मागे खरा मनोरा ठेवून फोटो काढला होता.

आणि था तियानची गोष्ट कुणी सांगितली नाही! वाट फोचा यक्ष आणि वाट चेंगचा यक्ष मित्र होते. फोच्या यक्षाने चेंगच्या यक्षाकडून उसने पैसे घेतले आणि परत देईना. दोघांची नदीकाठी अशी जुंपली की त्यांच्या पायाखाली सगळी वस्ती, झाडं सपाट झाली. म्हणून त्या धक्क्याचं नाव था तियान, म्हणजे उजाड धक्का. शेवटी ईश्वराने दोघांना दगड करून आपापल्या देवळाच्या दारात उभं केलं.

चिकूपंत
उसने पैसे बुडवणारा मित्र दगडाचा झाला तर आमच्या कॉलेजच्या ग्रुपचं शिल्पउद्यान होईल.

मुंगूसराव
हाहाहा. चिकूपंत, माझ्याकडे बघून म्हणताय का.

उपासक_७
गोष्ट माहीत नव्हती, मस्त आहे. एक भर घालतो, कारण ह्याशिवाय वाट अरुण पूर्ण होत नाही असं मला वाटतं. ते संग्रहालय नाहीये, चालू विहार आहे. वर्षावास संपला की आपल्याकडे चीवरदान होतं, तेच त्यांच्याकडे 'कथिन'. आणि राजाचं कथिन मोठ्या प्रसंगी नदीतून होडीने येतं ते ह्याच देवळात. २७ ऑक्टोबर २०२४ ला झालं तेव्हा ५२ नावा आणि दोन हजारांवर नावाडी होते, वासुक्री धक्क्यावरून निघून वाट अरुणला. राजाची नाव सुफन्नहोंग, म्हणजे सुवर्णहंस, सागाच्या एका अखंड खोडातून कोरलेली, १९११ ची. मी व्हिडिओ बघितला, नावाडी गाण्याच्या ठेक्यावर वल्ही उचलतात आणि पाणी अगदी शांत कापत जातात. एवढा सगळा थाट कशासाठी, तर भिक्खूंना अंगावर घालायला कापड द्यायचं म्हणून. राजा उतरतो आणि उबोसोतमध्ये जाऊन चीवर देतो. त्या उबोसोतच्या मुख्य बुद्धमूर्तीचा चेहरा दुसऱ्या रामाने स्वतः घडवला असं मानतात, आणि त्याच्या अस्थी त्याच मूर्तीच्या आसनाखाली ठेवल्यात. निळीताई, तुम्ही उबोसोतमध्ये गेला होतात का? की प्रांग बघून परतलात?

निळी_शाई
उपासकदादा, नाही गेलो!! सगळे प्रांगकडेच जात होते, आम्हीही तिकडेच. दारातले दोन यक्ष बघितले, फोटो काढला आणि मागे वळलो. म्हणजे आम्ही पहारेकऱ्यांना भेटून आलो आणि घरात पाऊलच टाकलं नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

वाकडी_वाट
बहुतेकांचं हेच होतं. मनोरा एवढा ओढून घेतो की मुख्य घर राहून जातं. पण तुम्हाला दिलासा देतो. मी वर चार मोन्दोप म्हटले ना, प्रांगच्या गच्चीवर, छोट्या प्रांगांच्या मधे मधे? त्या चार मंडपांत बुद्धाच्या आयुष्यातले चार प्रसंग आहेत. जन्म, बोधी, पाच भिक्खूंना पहिला उपदेश आणि महापरिनिर्वाण. एकेका दिशेला एक. म्हणजे मेरूच्या माथ्यावर इंद्र, कोपऱ्यांवर वारा, आणि माणसाच्या उंचीवर, जिथे आपण चालतो तिथे, बुद्ध. "ह्यात बुद्ध कुठाय" ह्याचं उत्तर तुम्ही ज्या गच्चीवर फिरलात तिथेच होतं, फक्त सगळे मान वर करून बघत असतात.

पाणपोई
हे मी सासूबाईंच्या कागदावर आत्ताच लिहिलं. १) उबोसोत २) चार मंडप ३) मग पायऱ्या.

निळी_शाई
आत्ता सगळे फोटो परत काढून बघितले. गच्चीवर ऊन फार होतं, आई दमली होती, म्हणून एका छोट्या मंडपाच्या सावलीत पायरीवर दहा मिनिटं टेकलो होतो, पाणी प्यायलो, तिने चपला काढून पाय चोळले. मी तिचा तिथे एक फोटो काढलाय. तो मोठा करून बघितला. तिच्या डोक्यामागे, आत अंधारात, आडवी बुद्धमूर्ती आहे, आणि पायाशी बसलेले भिक्खू.

फोटो आईला पाठवलाय. अजून निळी टिक आलेली नाही, दुपारी झोपते ती.